कॅनभर गोडं पाणी

निळं झाकण. आटे झिजलेले.

दाभण, सुतळी, बारदान्याचा एक तुकडा.

काडेपेटीएवढं कासवाचं पिल्लू, वाळूवर पायांची नक्षी काढत निघालेलं.

"पाणी उतरायलंय म्हंजे? कुठं जायलंय?"

लोखंडी खाटेखाली पडलेली एक चप्पल.

मीठ.

गंगाखेडचा घाट, ऊन, आणि एक बाई विचारते की समुद्राचं पाणी पिता येतं का.

मी एक जुना पाण्याचा कॅन आहे. मित्रांनो, वरच्या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. माझा इलाज नाही. भरलेला कॅन उपडा केला की पाणी सरळ धारेनं येत नाही. थोडं येतं, हवा आत घ्यायला थांबतं, मग पुन्हा येतं. सांगताना माझंही तसंच होतं. मी थांबेन तिथं तुम्हीही जरा थांबा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे पांढरे दाणे वितळवले, त्यात गरम हवा फुंकली, मी फुगलो आणि थंड झालो. एवढंच आठवतं. मग माझ्यात गोडेतेल भरलं, पोटावर कागद चिकटवला आणि मी पालमच्या एका दुकानात येऊन उभा राहिलो.

तिथून मला लग्नघरी नेलं. पंकजाचं लग्न होतं. माझ्यातल्या तेलात बुंदी तळली. मांडव उतरला तेव्हा माझ्यासारखे रिकामे कॅन अंगणात लोळत होते. बाकीचे भंगारात गेले. मला मात्र पंकजाच्या बापानं बाजूला काढलं. त्याचं नाव वैजीनाथ. त्यानं राख आणि गरम पाणी घालून मला खळखळून धुतलं, तोंड उघडं ठेवून उन्हात वाळवलं. मग बारदान्याचा तुकडा माझ्या अंगावर बेतला आणि दाभणानं शिवून मला अंगरखा चढवला. बारदाना ओला ठेवला की आतलं पाणी गार राहतं. तुमच्या घरी फ्रिज असेल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, त्यांना हे ठाऊक असतं.

वैजीनाथ आणि त्याची बायको छबूबाई दरसाल दिवाळीनंतर ऊस तोडायला जात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, पिठाचे डबे, आणि आता मीही. पहिल्या हंगामात माझ्या पाण्याला तेलाचा वास यायचा. टोळीतला रामहरी पाणी पिऊन मिशा पुसत म्हणायचा, "वैजीनाथ, तुझं पाणी पेलं की भजे खाल्ल्यावानी वाटायलंय."

"मंग भजे समजून पे," वैजीनाथ म्हणायचा. "चटणी मागू नको फकस्त."

दुसऱ्या हंगामापर्यंत वास गेला, आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. उसाची पाती अंगाला कापत असायची, ऊन डोक्यावर असायचं, आणि माणसं फडातून माझ्याकडे चालत यायची. कॅनला तोंड कुणी लावायचं नाही, ओंजळ धरायची. वरून धार वैजीनाथ सोडायचा. सगळ्यांचं झालं की छबूबाई, आणि शेवटी तो. शेवटचं पाणी कोमट असायचं, तळाचा गाळ त्यात असायचा. मित्रांनो, माझी स्तुती फार कुणी केली नाही. ओंजळ रिकामी झाल्यावर माणसं एवढंच म्हणत, "गार हाय." पण ते मी रोज ऐकलं.

इथं जरा थांबतो.

वैजीनाथचं पोट दुखायला लागलं. गावात औषधं झाली, उतार पडेना, तेव्हा त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन दुपारी ठरलं. सिस्टरनं छबूबाईला बजावलं, "ऑपरेशन होईपर्यंत पाणी द्यायचं नाही. थेंबसुद्धा नाही." सिस्टरचं बरोबर होतं.

मी खाटेशेजारच्या कपाटावर होतो. माझ्यात घरच्या आडाचं पाणी होतं. वैजीनाथ माझ्याकडेच बघत होता.

"अगं, एक घोट दे."

"आता न्हाई. आप्रेशन झालं की पोटभर पेवा."

"पोटभर कोण मागायलंय? घोट म्हनलो मी."

"लेकरावानी करू नका. सिस्टर वरडतेत."

तो बघायचा थांबेना. मग छबूबाईनं मला उचललं, झाकण घट्ट पिळलं आणि खाटेखाली ठेवलं, त्याला दिसणार नाही असं. तिथं धूळ होती आणि कुणाची तरी एक चप्पल होती. वरून आवाज आला, "लपिवलंस व्हय?" त्या आवाजात थोडं हसू होतं. नंतर ढकलगाडीची चाकं आली. मी चाकं जाताना पाहिली. तो त्या खाटेवर परत आला नाही.

छबूबाईनं मला घरी आणलं तेव्हा मी गळ्यापर्यंत भरलेला होतो.

मित्रांनो, आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. वैजीनाथच्या अस्थी गंगाखेडच्या घाटावर सोडल्या. सोडल्या त्याच्या पुतण्यानं, भागवतनं. बायका मागं पायरीवर बसल्या होत्या. विधी सांगणारे महाराज छबूबाईचं रडणं बघून म्हणाले, "बाई, आता गंगा त्यांना समुद्राला नेऊन पोचवील. तिथं सगळं शांत असतं."

छबूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "समुद्राचं पाणी पेता येतंय का महाराज?"

"छे. खारं असतं ते. तोंडात धरवत नाही."

महाराजांनी विचारल्याचं उत्तर दिलं, एवढंच. पण छबूबाई त्या दिवसापासून त्याच उत्तरात राहू लागली. पंकजा माहेरी आली की तिला म्हणायची, "तहानलेलं माणूस नेऊन खाऱ्या पाण्यात बसिवलं गं आपुन." पंकजा म्हणायची, "माय, असं नको बोलू." छबूबाई विषय सोडायची. पुन्हा एखाद्या दिवशी भाकरी थापता थापता तेच म्हणायची.

ऊसतोडीला ती पुन्हा गेली नाही. मी खुंटीला. माझ्या बारदान्याचा एक कोपरा उंदरांनी नेला. पाण्याच्या भांड्याला कोरडं राहायची सवय नसते. माझ्या अंगावर पांढरे पट्टे उमटले, बूड ठिसूळ झालं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पंकजाचा नवरा नागेश आला. त्याचं पालमला मोबाइलचं दुकान आहे. सोबत त्यांची मुलगी राजनंदिनी. नागेश सासूला म्हणाला, "मामी, कोकणात चाललाव. समुद्र हाय, जंगल हाय, कासवं दावतेत. तुमी काय येनार न्हाईत, पण विचारलं."

"येते की," छबूबाई म्हणाली.

नागेश बघतच राहिला. ती बाजारालासुद्धा जात नसे.

निघायच्या सकाळी तिनं मला खुंटीवरून काढलं. धुतलं. आडातून पोहरा ओढून मला भरलं, बारदाना भिजवला. नागेश म्हणाला, "मामी, तिकडं बाटल्या मिळतेत पान्याच्या. कशाला वझं?"

"ह्ये पेयाला न्हाई. ह्ये मालकाचं हाय."

पंकजानं नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं. गाडीत मी सगळी वाट छबूबाईच्या मांडीवर होतो. तिला डुलकी लागली तरी तिची बोटं माझ्या झाकणावर होती.

समुद्र मी पहाटे पाहिला. ज्या गावी उतरलो ते खाडीच्या तोंडाशी होतं. एका बाजूला जंगलानं भरलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाण्यात उभी असलेली खारफुटीची झाडं, मध्ये रिकामा लांब किनारा. आमच्याकडे एवढी सपाट जागा मोकळी दिसली की तिथं काहीतरी पेरलेलं असतं. इथं काहीच नव्हतं. छबूबाई थेट पाण्याकडे निघाली, पण वाळूत दोरी बांधलेली होती. दोरीजवळचा कार्यकर्ता म्हणाला, "आजी, आत जाऊ नका. पिल्लं सोडायचीत."

टोपलीतून कासवाची पिल्लं वाळूवर ठेवली. ती धडपडत, कधी उताणी होत, पाण्याकडे निघाली.

"ह्येंची माय कुठाय?" छबूबाईनं विचारलं.

"ती अंडी घालून जाते आजी. परत येत नाही."

"मंग पानी कुठंय ते ह्येंला कोन सांगतंय?"

"त्यांचं त्यांना कळतं."

छबूबाईनं शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत पाहिलं. मग गर्दीकडे पाहून म्हणाली, "आता न्हाई. सांजच्याला येऊ. एवढ्या मान्सात कसं बोलावं त्येंच्याशी."

म्हणून मी भरलेलाच राहिलो, आणि तसाच होडीत चढलो.

होडी खाडीतून आत गेली. दोन्हीकडे खारफुटी, मुळं चिखलातून वर आलेली. लाल खेकडे, निळा खंड्या. राजनंदिनी एकेकाचं नाव होडीवाल्याला विचारत होती. नागेशला पाणमांजराचा फोटो हवा होता. पाणमांजर एकदा डोकं काढून गेलं आणि पुन्हा दिसेना.

"साहेब, निघूया आता," होडीवाला म्हणाला. "पाणी उतरतंय."

"पाणी उतरायलंय म्हंजे? कुठं जायलंय?" नागेश हसला. "आमच्याकडं धरन उतरायला चार म्हैने लागतेत. पाच मिनटं थांबा."

मित्रांनो, ओहोटी आमच्या कुणी पाहिलेली नव्हती. आमच्या मुलखात पाणी आटतं ते महिन्यामहिन्यानं, माणसाच्या डोळ्यांसमोर हळूहळू. गप्पा मारता मारता पाणी निघून जातं आणि होडी चिखलात बसते, हे नागेशला कोण सांगणार होतं? होडीवाल्यानं सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं नाही.

होडी बसली. होडीवाला कमरेएवढ्या चिखलात उतरला, खांदा लावून ढकलत राहिला. होडी हलली नाही.

"आता भरती आली की सुटंल. तोवर बसायचं."

"कवा येती भरती?" पंकजानं विचारलं.

"उन्हं कलली की."

ऊन डोक्यावर आलं. होडीवर छप्पर नव्हतं. बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. एका बाटलीनं तर नागेशनं मघाशी तोंड धुतलं होतं. आता तो ती रिकामी बाटली हातात फिरवत होता. राजनंदिनीचे ओठ कोरडे पडले. ती माझ्याकडे पाहायची आणि लगेच दुसरीकडे बघायची. तिनं मागितलं नाही. कुणीच मागितलं नाही. माझं पाणी कुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

छबूबाईनं मला पोटाशी धरलं होतं. तिची बोटं झाकणावर इतकी घट्ट होती की ती मला रुतत होती.

पंकजा हळूच म्हणाली, "माय, पोरीला चक्कर येईल."

छबूबाईनं मला आणखी जवळ ओढलं. तिचे डोळे मिटलेले होते.

तेवढ्यात होडीवाला चिखलातून वर चढला. नखशिखांत चिखल, छाती भात्यासारखी हलत होती. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आजी, एक घोट मिळेल?"

छबूबाईनं डोळे उघडले.

मी तिच्या हातात होतो म्हणून मला कळलं. झाकणावरची तिची बोटं सैल झाली. मग तिनं झाकण पिळलं, उघडण्याच्या दिशेनं. झाकण आधी निघेना, एवढं ते घट्ट बसलेलं होतं.

"ओंजळ धर बाबा," ती म्हणाली.

तो प्याला. मग राजनंदिनी प्याली, पंकजा प्याली. नागेश नको म्हणाला, तेव्हा छबूबाई म्हणाली, "पेवा आता. मान नका ठिवू." नागेशही प्याला. भरती लौकर आली नाही, ओंजळी पुन्हा पुढं आल्या. तिनं कुणालाही नाही म्हटलं नाही. स्वतः मात्र तोंडात घेतलं नाही. होडी हलली तेव्हा माझ्या तळाशी थोडंसं पाणी उरलं होतं. तिनं मला उन्हासमोर धरून पाहिलं आणि म्हणाली, "घोट तर मागितलेला. घोटभर हाय."

हवा.

संध्याकाळी किनारा मोकळा होता. नागेश आणि पंकजा वर बाकावर बसून राहिले. छबूबाई मला घेऊन पाण्याकडे चालली, राजनंदिनी तिचा पदर धरून मागं. ओल्या वाळूवर छबूबाई थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"नंदे, गंगा कोन्त्या बाजूनं येती गं?"

राजनंदिनी पायानं वाळू उकरू लागली.

"तू शिकलेली हाय, तुला ठाव असंल. जिथून गंगा येती तिथंच ओततो. न्हाई तर त्येंला कसं घावंल?"

राजनंदिनीनं खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. बोट खाली गेलं, पुन्हा वर आलं. छबूबाई त्या बाजूला चालू लागली. दमलेली होती, पाय वाळूत रुतत होते, तरी भरभर चालली. राजनंदिनी तिच्यामागं थोडं गेली आणि मग थांबली.

"आज्जी, थांब. ती इकडं येत न्हाई."

"कोन?"

"आपली गंगा. ती उलटीकडं जाती. दुसऱ्या समुद्राला."

छबूबाई वळली. "दुसरा बी असतोय?"

"व्हय."

"लांब हाय?"

"लय लांब. पार देशाच्या तिकडच्या बाजूला."

लाट आली, दोघींच्या पायांवरून गेली, परत फिरली. छबूबाई समुद्राकडे पाहत राहिली. दिवसभर ती त्याच्याशी ओळखीच्या माणसासारखी वागली होती. आता ती जरा मागं सरकली.

"तिकडचा बी खाराच का?"

"खाराच."

"ह्ये दोनी एकमेकाला भेटतेत का कुठं?"

"भेटतेत. खाली, पार दक्षिणेला."

छबूबाईनं मला हलवून पाहिलं. माझ्या तळात पाणी हललं.

"तवर ह्ये खारं हुईल," ती म्हणाली.

राजनंदिनी रडायला लागली. "मी बोलायला नको हुतं आज्जी."

"बोललीस ते बरं झालं. न्हाई तर दुसऱ्याच्याच कुनाच्या तोंडात गेलं असतं." तिनं नातीचं नाक पदरानं पुसलं. झाकण लावलं. वर चढताना ती दोनदा वाळूत बसली. नागेशनं काय झालं विचारलं तेव्हा म्हणाली, "काई न्हाई. मोठ्ठा हाय समुद्र. बघितला."

त्यानंतर आम्ही गावी आलो. ते घोटभर पाणी अजून माझ्यात आहे. छबूबाई ते ओतून टाकू देत नाही. नागेश आला की म्हणतो, "मामी, औंदा तिकडच्या समुद्राला जाऊ." तो मनापासून म्हणतो. पण दुकान असतं, राजनंदिनीची शाळा असते, आणि तिकडचा समुद्र खरंच लांब आहे. पाण्याला आता हिरवट रंग आलाय. माझं बूड चिरलंय. एक एक थेंब जमिनीत जातो. माझ्याखाली एक ओला डाग आहे, तिथं मुंग्या येतात. छबूबाईला डोळ्यांनी कमी दिसतं, तिला डाग अजून दिसलेला नाही. ती मला उचलून हलवते आणि कान लावते. आवाज आला की परत ठेवते. एक दिवस येणार नाही. त्या दिवसाची मला भीती वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना वेळेवर सांधून घ्या, आम्ही फार काही मागत नाही. आणि आणखी एक सांगतो. दवाखान्यात तुमचं माणूस पाणी मागत असेल आणि द्यायची मनाई असेल, तर देऊ नका. पण त्याच्या नजरेसमोरून ते लपवूही नका. ओठ ओले करायला चालेल का, एवढं तरी पुन्हा विचारा. कधी कधी चालतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नद्या कुठं जातात ते सांगायची वेळ आली, तर त्याचा हात धरून सांगा.

तिकडच्या समुद्रात गेलेल्या वैजीनाथला पोहताही येत नव्हतं.